पहिला टाका पेशंटच्या हातावर नको

एसटीत उभं राहून ऐकताय, होस्टेलच्या कॉटवर पडून ऐकताय की नाईट ड्युटीला जाता जाता ऐकताय, सगळ्यांचं स्वागत. आणि जे ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलण्याच्या ओघातले 'म्हणजे' आणि 'बघा ना' थोडे कमी केलेत, बाकी तसंच आहे.

आजचा विषय तसा डॉक्टरांचा आहे. नव्या डॉक्टरांनी टाके घालायला, गाठ मारायला, गळू फोडायला, हत्यार हातात धरायला शिकायचं कुठे आणि कसं? पण तुम्ही डॉक्टर नसाल तरी थांबा, जाऊ नका. टाका घालणारा हात डॉक्टरचा असतो, पण ज्या कातडीतून सुई जाते ती तुमची किंवा तुमच्या घरच्या कुणाचीतरी असते.

सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो.

कोयता, चार टाके आणि सुटलेली गाठ

मी इंटर्न होतो. नगर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पोस्टिंग होती. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण बोलताना तोंडात अजून नगरच येतं, सांभाळून घ्या. डिसेंबरचे दिवस, कारखान्यांचा गळीत हंगाम जोरात. आपल्या भागात या दिवसांत सरकारी दवाखान्यात काय येतं हे इथल्या कुठल्याही सिस्टरना विचारा. ऊसतोडीच्या टोळ्या अंधारातच फडात उतरतात. डाव्या हाताने ऊस धरायचा, उजव्या हाताने कोयता मारायचा. थंडीने बोटं आखडलेली असतात. एक घाव चुकला की तो डाव्या हातावर नाहीतर पायावर बसतो.

त्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला एक ताई आल्या. वय असेल २७-२८. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी चांगला दीड इंचाचा घाव, त्यात हळद भरलेली, वरून टॉवेल गुंडाळलेला. मेडिकल ऑफिसर आतल्या खोलीत एका डिलिव्हरीत अडकलेले. ते आतूनच म्हणाले, "जखम धू, बोटं हलतात का बघ, भूल दे आणि टाके सुरू कर. मी येतोच."

आता माझी अवस्था ऐका. टाके घालताना मी निदान २० वेळा पाहिलं होतं. वायव्हामध्ये टाक्यांचे प्रकार धडाधड सांगितले होते. धाग्यांची नावं पाठ होती. पण नीडल होल्डर हातात धरून जिवंत कातडीतून सुई काढायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

सुई होल्डरमध्ये गरगर फिरायला लागली. मी ती अगदी टोकाला, धागा जिथे जोडलेला असतो तिथे धरली होती. शेजारच्या सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर, सुई जरा पुढे धरा." मग ती आत गेली, पण तिरकी. एका बाजूला कातडीचा मोठा घास, दुसऱ्या बाजूला छोटा. चार टाक्यांना ४० मिनिटं लागली. त्या ताई पूर्ण वेळ छताकडे बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या. चारपैकी दोन गाठी सुटल्या होत्या आणि जखम उघडी पडली होती. ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. फक्त एवढंच विचारलं, "डॉक्टर, आजचा पण खाडा पडणार का?"

शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. ऊसतोड मजूर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात, आणि ती तोडणी करून फेडायची असते. कामाचा दिवस बुडाला तर तो खाडा, आणि त्या खाड्याचे पैसे मजुराच्या नावावर चढतात. म्हणजे माझ्या दोन सुटलेल्या गाठींची किंमत त्या ताई भरणार होत्या.

त्यावेळी माझ्या डोक्यात एक गोष्ट जी बसली ती अजून निघत नाही. ही बाई रोज उसाच्या मोळ्या बांधते. वाढ्याला पीळ देऊन मारलेली ती गाठ डोक्यावरून ट्रॉलीत चढवतानाही सुटत नाही. आणि मी साडेचार वर्षं शिकून मारलेली गाठ तीन दिवस टिकली नाही. फरक हुशारीचा नव्हता. तिने ती गाठ हजारो वेळा मारली होती. मी एकदाही नाही.

आमच्या साहेबांनी जखम पुन्हा धुतली, लगेच शिवली नाही, ड्रेसिंगवर भरू दिली. ती भरली. वण मात्र हवा त्यापेक्षा रुंद राहिला. तेव्हापासून मी एकच वाक्य म्हणत आलोय, आणि आजच्या भागाचं सारही तेवढंच आहे: डॉक्टरचा पहिला टाका पेशंटच्या हातावर पडता कामा नये. तो कशावरही पडो, केळाच्या सालीवर पडो, स्पंजवर पडो, पण माणसावर नको.

भोपळा बांधून विहिरीत

गावाकडे पोहायला कसं शिकवायचे आठवतंय? पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा आणि विहिरीत सोडायचं. वर काठावर काका उभा. महिन्याभराने भोपळा सुटायचा. पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकलं नाही आणि भोपळ्याशिवाय कुणी पोराला विहिरीत ढकललं नाही.

गंमत म्हणजे आपल्याकडे शस्त्रक्रियेचं शिक्षणसुद्धा भोपळ्यापासूनच सुरू व्हायचं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय आहे, 'योग्यासूत्रीय'. योग्या म्हणजे सराव. शिष्य शास्त्र कितीही शिकला असला तरी सराव केला नसेल तर तो कामाला योग्य नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. आणि मग यादीच दिलीय. कापायचा सराव करायचा कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांच्यावर. चिरा द्यायचा सराव पाणी किंवा चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर. खरवडायचा सराव केसाळ कातड्यावर. शीर टोचायचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. आणि टाके? जाड-बारीक कापडाच्या कडांवर आणि मऊ चामड्यावर. बँडेज बांधायला तर पूर्ण माणसाच्या आकाराचा पुतळा.

आज मेडिकल कॉलेजमध्ये 'मॅनिकिन' म्हणून जे मिळतं त्याची कल्पना एवढी जुनी आहे. हे सांगण्यामागे 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' असं मिरवायचं नाहीये. मुद्दा साधा आहे: हाताने करायचं काम आधी हातानेच आणि आधी निर्जीव वस्तूवर शिकायचं, हे माणसाला फार पूर्वीच कळलं होतं.

दुसरी गोष्ट पुण्याची. अठराव्या शतकाच्या शेवटी, १७९२ च्या लढाईत, कावसजी नावाचा एक बैलगाडी हाकणारा माणूस इंग्रज फौजेबरोबर होता. तो टिपू सुलतानच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ एका कारागिराने, विटा बनवणाऱ्या जातीतल्या माणसाने, त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, कडेने रेघ मारली, आणि तेवढीच कातडी सोडवून खाली वळवून नाक बनवलं. ही हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली.

ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या लंडनच्या सर्जनने ही शस्त्रक्रिया स्वतः करायची ठरवली. पण वाचलं आणि लगेच केली, असं नाही. त्याने आधी प्रेतांवर सराव केला, आणि जिवंत माणसावर पहिली शस्त्रक्रिया केली ती १८१४ मध्ये. मासिकातला लेख आणि पहिला पेशंट यांच्यात २० वर्षांचं अंतर. आपण इंटर्नशिपमध्ये हे अंतर २० मिनिटांचंही ठेवत नाही.

नियम काय सांगतो

बरं, आजचं काय? परिस्थिती माझ्या वेळेपेक्षा बरी झालीय, हे आधी सांगतो. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. नुसतं 'माहीत आहे' चालत नाही, 'करता येतं' हे दाखवावं लागतं. सर्जरीच्या यादीत साधे टाके, जखमेची काळजी, बँडेज, वरवरचं गळू फोडणं ही कामं विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे करता आलीच पाहिजेत असं लिहिलंय. त्याची लॉगबुकात नोंद लागते. प्रत्येक मेडिकल कॉलेजात स्किल लॅब सक्तीची आहे.

आपल्या जिल्ह्यात लोणीला प्रवरेचं रुरल मेडिकल कॉलेज १९८४ पासून आहे. ज्या परिसरात १९५० च्या सुमाराला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच परिसरात. नगर-मनमाड रस्त्यावर विळद घाटात दुसरं मेडिकल कॉलेज. म्हणजे कोयत्याच्या जखमा जिथे होतात, तिथूनच थोड्या अंतरावर त्या शिवणारे हात तयार होतायत. ही आपली जमेची बाजू आहे.

पण नियम आणि हात यांच्यात एक फट राहते. इंटर्नशिप एका वर्षाची, त्यात जनरल सर्जरीला ६ आठवडे. त्या ६ आठवड्यांत रिपोर्ट आणायचे, सॅम्पल पोचवायचे, केसपेपर लिहायचे, आणि डोक्यावर नीट-पीजीचा अभ्यास. लॉगबुकात सही होऊन जाते. सही झाली म्हणजे हात बसला असं नाही, हे आपल्या सगळ्यांना माहितीय, फक्त कुणी मोठ्याने बोलत नाही. म्हणून मी आज बोलतोय.

एका दिवसाच्या वर्कशॉपमध्ये काय असावं

मी आता इंटर्नना आणि नव्या मेडिकल ऑफिसरना शिकवतो. माझा एकच हट्ट असतो: एका शिकवणाऱ्यामागे चार-पाचपेक्षा जास्त मुलं नकोत. प्रोजेक्टर शक्यतो बंद. टेबलं मांडायची आणि प्रत्येकाच्या हातात सामान द्यायचं. टेबलं अशी:

पहिलं टेबल, हात आणि ग्लोव्ह. हात धुणं सोपं वाटतं ना? बोटांवर थोडा रंग लावून धुवायला सांगा. अंगठ्याची मागची बाजू आणि नखांच्या कडा राहिलेल्या असतात. मग ग्लोव्ह. उघड्या हाताने ग्लोव्हच्या फक्त दुमडलेल्या आतल्या बाजूला शिवायचं, बाहेरून शिवलं की तो ग्लोव्ह गेला. आणि ग्लोव्ह घातल्यावर नाक खाजवायचं नाही. हसू नका, दर बॅचला एक तरी खाजवतोच. सर्जरीत रबरी ग्लोव्ह आले ते अमेरिकेत, १८९० च्या आसपास. विल्यम हॉल्स्टेड या सर्जनच्या ओटीतल्या नर्सचे हात जंतुनाशकाने सोलून निघायचे म्हणून त्याने ते बनवून घेतले. म्हणजे सुरुवात पेशंटसाठी नाही, सिस्टरसाठी झाली.

दुसरं टेबल, हत्यारं. नीडल होल्डर, दातेरी आणि बिनदातेरी फोर्सेप्स, आर्टरी फोर्सेप्स, कात्री, ब्लेड. प्रत्येक हत्यार हातात घेऊन नाव आणि काम सांगायचं. कातडी दातेरी फोर्सेप्सने हलकेच उचलायची. बिनदातेरीने धरली तर निसटते, मग माणूस जोर लावतो आणि कातडीची कड चेंगरते. सुई धरायची ती टोकापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर, होल्डरच्या तोंडाच्या पुढच्या भागात. माझ्या सिस्टर 'जरा पुढे धरा' म्हणाल्या ते हेच.

तिसरं टेबल, गाठ. माझ्या चुकीचं टेबल. एक धागा खुर्चीच्या दांड्याला बांधायचा. पहिला वेढा उजवा डाव्यावरून, दुसरा डावा उजव्यावरून. ही झाली स्क्वेअर नॉट, ही सपाट बसते. दोन्ही वेढे एकाच दिशेने मारले की होते ग्रॅनी नॉट. वरवर सारखीच दिसते, पण ताण आला की सरकते. त्यात नायलॉनचा धागा गुळगुळीत, त्याला परत सरळ व्हायची खोड. त्यामुळे त्याला दोन वेढे पुरत नाहीत, चार-पाच लागतात. त्या दिवशी मी दोन्ही चुका केल्या होत्या, हे मला कितीतरी नंतर, असं खुर्चीला गाठी मारताना कळलं.

चौथं टेबल, टाका. सुई कातडीत ९० अंशांत घुसवायची आणि मनगट फिरवत तिच्या वळणानेच बाहेर काढायची. ढकलायची नाही. कडेपासून साधारण अर्धा सेंटिमीटर आत, समोरच्या बाजूलाही तेवढंच. दोन्ही घास सारखे. कडा किंचित वर उचललेल्या दिसल्या पाहिजेत, आत दुमडलेल्या नकोत. गाठ जखमेच्या एका बाजूला. आणि गाठ आवळायची नाही! कडा एकमेकींना टेकल्या की थांबायचं. नंतर सूज येणारच आहे. आधीच आवळलेला टाका मग कातडीचा रक्तपुरवठा तोडतो.

पाचवं टेबल, गळू. फुग्यात घट्ट कस्टर्ड भरायचं, वर स्पंजचा थर. ११ नंबरचं ब्लेड. चीर पुरेशी मोठी द्यायची, नाहीतर वरचं तोंड मिटतं आणि आत पू राहतो. फुगा फुटून कस्टर्ड उडालं की सगळे हसतात, आणि मग प्रत्येक जण डोळ्यांवर चष्मा चढवतो. ती सवय तशीच लागते, लेक्चरने नाही.

सहावं टेबल, भूल. इथे सुई नाही, वही-पेन. साध्या लिग्नोकेनचा कमाल डोस किलोमागे ३ मिलिग्रॅम. दोन टक्के लिग्नोकेन म्हणजे एका मिलीत २० मिलिग्रॅम. समोर ४५ किलोच्या ताई आहेत. किती मिली? १३५ मिलिग्रॅम, म्हणजे पावणेसात मिली, त्याच्या वर नाही. हा हिशेब झोपेतून उठवून विचारला तरी आला पाहिजे. टोचण्याआधी सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भूल देण्याआधी बोटांची संवेदना आणि हालचाल तपासून लिहून ठेवायची. भूल दिल्यावर सगळीच बोटं बधिर. मग नस तुटलीय का हे कोण सांगणार?

शेवटचं टेबल नाही, डबा आहे. सुया आणि ब्लेड टाकायचा पांढरा, न भोसकणारा डबा. वापरलेल्या सुईला टोपण लावायला जायचं नाही. सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच सांगायचं. लपवायचं नाही. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत, आणि खरं तर पहिल्या काही तासांतच सुरू व्हायला हवीत. घाबरून गप्प बसलेला इंटर्न स्वतःचं नुकसान करून घेतो.

कधी शिवायचं नाही

हात बसायला लागला की एक नवा धोका सुरू होतो: सगळंच शिवावंसं वाटतं. म्हणून वर्कशॉपमध्ये मी अर्धा तास फक्त 'न शिवण्यावर' घालवतो.

कुत्रा चावला? पहिलं काम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुणं. टाके शक्यतो नाहीत. लस आणि गरज असेल तसं जखमेत इम्युनोग्लोब्युलिन. मातीने, पाचटाने भरलेली, जुनी झालेली जखम? नीट धुवा, मेलेला भाग काढा, उघडी ठेवा, तीन ते पाच दिवसांनी स्वच्छ असेल तर मग शिवा. बोट वाकत नाही, सरळ होत नाही, बधिर आहे? आत टेंडन किंवा नस तुटलेली असू शकते. वरून सुंदर टाके घालून घरी पाठवलं तर त्या माणसाचं बोट कायमचं गेलं. तिथे स्वच्छ ड्रेसिंग, हात उंच, आणि मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी. पाठवणं म्हणजे कमीपणा नाही. कोयता धरणाऱ्या माणसाचा हात हीच त्याची शेती आणि त्याचा पगार. धनुर्वाताचं इंजेक्शन कुठल्याच जखमेत विसरायचं नाही.

एक दिवस की चार आठवडे?

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, एक दिवसाचं वर्कशॉप केलं, सर्टिफिकेट मिळालं, स्टेटसला टाकलं, झालं. नाही झालं.

कॅनडात टोरांटोला एक प्रयोग झाला, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ३८ ज्युनिअर सर्जन. बारीक रक्तवाहिनी जोडायला शिकवायची, चार सत्रांत. एका गटाला चारही सत्रं एकाच दिवशी. दुसऱ्या गटाला दर आठवड्याला एक, चार आठवडे. शिकवणं तेच, वेळ तेवढाच. महिन्याभराने परीक्षा घेतली तर आठवड्या-आठवड्याने शिकलेल्यांचे हात जास्त चांगले चालत होते.

टोरांटो लांब वाटत असेल तर जामखेडला चला. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं, त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण शिकवायची पद्धत बघा. एकदम सगळं डोक्यात ओतायचं नाही. बायका ठरलेल्या दिवशी जामखेडला यायच्या, थोडं शिकायच्या, गावात जाऊन करायच्या, अडचणी घेऊन परत यायच्या. थोडं शिका, करा, परत या. आपल्याच जिल्ह्यात हे चालू होतं, आणि आपण अजून एका रविवारच्या वर्कशॉपवर समाधान मानतोय.

या आठवड्याचा गृहपाठ

तर इंटर्न मंडळी, बीएएमएसवाले, नर्सिंगवाले, ऐका. हे करायला लॅबची किल्ली लागत नाही. दोरा, खुर्ची आणि रोजची १० मिनिटं. पहिला आठवडा फक्त गाठी. दुसऱ्या आठवड्यात जुना नीडल होल्डर आणि मुदत संपलेला धागा सिस्टरना विचारून घ्या, आणि केळ्याची साल किंवा भांडी घासायचा स्पंज शिवा. केळ्याची साल फार चांगली गुरू आहे, जोर लावला की लगेच फाटते. तिसऱ्या आठवड्यात मटणाच्या दुकानातून कातडीसकट पाय आणा. ज्यांना चालत नाही त्यांनी संत्र्याची साल घ्या, जाड घ्या. वापरलेल्या सुया घरच्या कचऱ्यात टाकू नका, डब्यात भरून दवाखान्यात परत न्या. चौथ्या आठवड्यात सिनिअरला सांगा, "सर, माझे टाके बघा आणि चुका सांगा."

आणि तो मोबाइल आहे ना हातात? तो पाण्याच्या बाटलीला टेकवा आणि स्वतःच्या हातांचा व्हिडिओ काढा. रीलसाठी नाही. पहिल्या दिवसाचा आणि तिसाव्या दिवसाचा, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

मग पेशंटची वेळ येईल तेव्हा काठावर काका हवाच. पहिले टाके सिनिअर शेजारी उभे असताना घाला. आणि पेशंटला सांगा, "मावशी, मी नवीन डॉक्टर आहे, मॅडम सोबत आहेत, दुखलं तर सांगा." माझ्या अनुभवात हे ऐकून फार कमी लोक नाही म्हणतात. खोटा आत्मविश्वास मात्र त्यांना लगेच ओळखू येतो.

आणि जे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी तीन गोष्टी. जखमेत हळद, चहापूड, तंबाखू भरू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि निघा. दवाखान्यात बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर कुणी विचारायची वाट न बघता सांगा. आणि टाके कधी काढायचे ते विचारून घ्या. चेहऱ्याचे तीन-पाच दिवसांत निघतात, डोक्याचे सात-दहा, सांध्यावरचे दहा-चौदा.

त्या ताई नंतर परत आल्या नाहीत. हंगाम संपला, टोळी गेली. अंगठा हलत होता एवढं मला आठवतं, आणि त्याचं श्रेय माझं नाही. पण त्या टोळ्या दर दिवाळीनंतर येतात. या वर्षीही कुठल्यातरी आरोग्य केंद्रात सकाळी सात वाजता टॉवेल गुंडाळलेला एक हात येईल आणि समोर एक इंटर्न उभा असेल. तो हा भाग ऐकणाऱ्यांपैकी असेल, तर त्याने आजच रात्री खुर्चीला दोरा बांधावा. उजवा डाव्यावरून, मग डावा उजव्यावरून.

चला, थांबतो. हा भाग तुमच्या इंटर्न ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, आणि कोयता जपून.